मागच्या बाकावरचा आवाज

५ फेब्रुवारी

प्रिय आक्कांना,
सप्रेम सलाम.

पत्राला उशीर झाला. तुमचे धाकटे बंधुराज म्हणाले, "आक्काला तू कळव, मला वेळ नाही," आणि तो वेळ नसलेला माणूस सकाळपासून खिडकीत नुसता उभा आहे. पाळकाच्या बायकोने नवऱ्याची चहाडी करू नये म्हणतात. पण नणंदेजवळ नाही करायची, तर कोणाजवळ?

आमच्या मंडळीत एक वाईट गोष्ट घडली. एक शिंपीणबाई उपासनेला येत असत. तुम्ही इकडून गेल्यानंतर त्या या गावात आल्या, त्यामुळे तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. रंगाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत एकट्या राहायच्या, जुने कोट उसवून, उलटवून नवे करून द्यायच्या. सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत. जन्मभर ओठांत टाचण्या धरून काम केलेलं, त्यामुळे टाचण्या नसल्या तरी ओठ मिटूनच बोलायच्या. शेवटच्या बाकावर, भिंतीलगत बसायच्या. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट त्या टोकाकडून सुरू होतं, म्हणजे पहिलं त्यांच्याच हातात. आपला तुकडा घेऊन ताट शेजाऱ्याकडे सरकवताना त्या हळूच म्हणायच्या, "घ्या, तुमच्यासाठी." दर वेळी तेच. आम्हाला थोडं हसू यायचं.

त्या वारल्या. कधी वारल्या ते कोणालाच सांगता येत नाही. रंगाऱ्याच्या छताला ओल आली म्हणून तो वर गेला, तर दाराखालून पाणी वाहत होतं. नळ चालू राहिला होता आणि त्या नळाशीच पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस झालेत. त्या दिवसांत आमची उपासना झाली, आक्का. आम्ही गीतं म्हटली, सूचना वाचल्या, बाहेर उभं राहून चहा प्यालो. त्या दिसत नाहीत हे पुष्कळांच्या लक्षात आलं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी चौकशी केली असेल.

आता पुढचं. परवाच्या रविवारी प्रभुभोजन होतं. शेवटच्या बाकावर आपले भूमितीचे मास्तर बसले होते, टाचणीबाईंची जागा सोडून. मास्तर म्हणजे सिद्ध केल्याशिवाय दोन रेषा समांतर न मानणारा माणूस. उपासना संपल्यावर ते आत आले, खडूसारखे पांढरे पडलेले. म्हणाले, "पाळकसाहेब, ताट माझ्याकडे आलं तेव्हा शेजारून त्या बोलल्या. स्वच्छ. तेच शब्द."

यांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मग माझ्यावर ओरडले, "देवाच्या घरात भुताच्या गोष्टी चालणार नाहीत!" मी तर तोंडही उघडलं नव्हतं. गोष्ट आता सगळीकडे झाली आहे. मागच्या बाकावर कोणी बसायला तयार नाही.

काय करावं? कळवा.

तुमची,
बयो


११ फेब्रुवारी

प्रिय बयो,

धाकट्याला सांग, आवाज चढवला म्हणजे भीती उतरत नाही. लहानपणी अंधाऱ्या जिन्यातून जाताना हाच मोठ्याने गाणी म्हणायचा. सूर तेव्हाही नव्हता.

मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली. रिकाम्या खाटेवरून हाका ऐकल्या आहेत. नव्या नर्सेस रडायच्या. मी म्हणायची, कानाला सवय लागलेली असते, माणूस गेलं तरी कान त्याची वाट बघतो. तुझ्या मास्तरांचंही तेच झालं असेल. नसेलही. मी काही छातीठोकपणे सांगणार नाही, कारण एकदा एका रिकाम्या खाटेची हाक ऐकून मी उठले आणि पलीकडच्या खोलीत श्वास अडकलेला माणूस वेळेत सापडला. ती हाक कोणाची होती ते मी आजवर कोणाला विचारलं नाही.

म्हणून तुला दोनच गोष्टी सांगते. पुढच्या प्रभुभोजनाला त्या बाकावर तू बस. पाळकबाई बसली की बाकीचे बसतील. आणि आवाज आला की नाही याची चर्चा करण्यापेक्षा, आणखी कोण येईनासं झालंय ते बघ. त्यांच्या दारी जा. पत्र पाठवू नकोस, निरोप पाठवू नकोस. जा. आणि गेलीस की हात त्यांच्या हातात दे. आजाऱ्याला सगळे औषधासाठी, पथ्यासाठी शिवतात, नुसतं कोणी शिवत नाही.

माझी काळजी करू नका. टेकडीवरचं चर्च जरा उंच झालंय, की माझे गुडघे जरा ठेंगणे झालेत, कोण जाणे. पण मंडळीने मला फुलासारखं जपलंय. कोणी ना कोणी जिन्यावर असतंच.

तुझी,
आक्का


६ मार्च

प्रिय आक्का,
सप्रेम सलाम.

बसले. तुमच्या सांगण्यावरून बसले, आणि आता तुम्हीच सांगा.

मी भिंतीलगत, अगदी त्यांच्याच जागी बसायचं ठरवलं होतं. पाय वळले नाहीत. एक जागा सोडून बसले. ताट आलं. ताट फिरवणाऱ्या घड्याळजींनी ते वाकून माझ्या हातात दिलं, त्यांचा हात निघाला, आणि मधल्या त्या रिकाम्या जागेवरून, ओठ मिटून बोलावं तसं, "घ्या, तुमच्यासाठी."

आक्का, तो आवाज भेसूर नव्हता हो. तेच तर सहन होत नाही. जिवंतपणी बोलायच्या तितकाच नेमस्त होता. माझ्या हातातून ताट पडलं. भाकर जमिनीवर पसरली आणि सगळी मंडळी वळून बघायला लागली. हे वेदीवरून खाली आले, माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले आणि एकेक तुकडा वेचायला लागले. वेचता वेचता रडत होते. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. पहिले गेलो कुलूपवाल्यांकडे. किल्ल्या करून देणारे, पूर्वी चर्चच्या दाराशी उभे राहून सगळ्यांना वाकून सलाम करणारे ते. पायांनी दगा दिल्यापासून दिसले नव्हते. दुसरा मजला. पुष्कळ वेळ ठोठावल्यावर दार फटीएवढं उघडलं. आत अंधार, आणि त्या फटीतून त्यांनी विचारलं, "कोण मेलं?"

हे म्हणाले, "कोणी नाही. तुम्हालाच भेटायला आलोय."

"मला?" मग दार पूर्ण उघडलं. "मंडळीतलं माणूस दारात आलं, की मयताचाच निरोप असतो. म्हणून विचारलं. या. कुलूप बनवणाऱ्याच्या घराला कडी नाही, हसू नका."

तुम्ही सांगितलं तसा मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडलाच नाही. यांनी तिथेच, किल्ल्यांचं टेबल पुसून, प्रभुभोजन दिलं. भाकर तोंडात घातली आणि ते चावेनातच. म्हणाले, "थांबा, लवकर संपेल."

आता दर रविवारी उपासनेनंतर दोघंदोघं मिळून भाकर आणि प्याला घेऊन घरोघर जायचं ठरलंय. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळात यावरून वाजलंच. घड्याळजी म्हणाले, "प्रभुभोजन म्हणजे काय घरपोच डबा आहे?" मास्तर म्हणाले, "टाचणीबाईंना कोणी डबा जरी पोचवला असता, तरी दार वेळेवर उघडलं असतं."

पण आवाजाचं काय, आक्का? मला झोपेतही तोच ऐकू येतो.

तुमची,
बयो


२० मार्च

प्रिय बयो,

अक्षर बघून हसू नकोस. किटली सांडली, उजवा हात पोळला, डाव्याने लिहितेय. पहिलीतल्या पोरासारखं झालंय.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कुलूपवाल्यांना भाकर कोणी दिली, त्याने की तू? तुकडा मोठा होता का? त्या घरात ऊन येतं का? प्याला त्यांनी स्वतः धरला की तुम्ही धरलात? सगळं लिही. मला वाचायला आवडतं.

आवाजाला भिऊ नकोस. काल दुपारी इथेही कोणीतरी म्हणालं, "घ्या, तुमच्यासाठी." डोळा लागला होता, तुझ्या पत्राचं स्वप्नच असणार. तरी मी हात पुढे केला.

उन्हाळ्यात यायचा विचार असेल, तर आत्ता येऊ नका. घर रंगवायला काढलंय. सगळीकडे पसारा.

आक्का


१४ एप्रिल

प्रिय आक्का,
सप्रेम सलाम.

मागचं पत्र मिळालं का? दोन पाठवली. तुमचं उत्तर नाही.

इकडे नवल झालं. या महिन्याच्या प्रभुभोजनाला शेवटचा बाक भरला. कुलूपवाल्यांना चौघांनी उचलून आणलं, ते भिंतीलगत बसले. आवाज आला नाही. मास्तरांनाही नाही, मलाही नाही. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र उलटच वाटलं. कोणीतरी आपल्यातून उठून दुसरीकडे निघून गेल्यासारखं.

घर कोणत्या रंगाने रंगवताय? दोन ओळी तरी लिहा. यांना मी काही म्हणत नाही, पण आता माझाच जीव थाऱ्यावर नाही. शनिवारपर्यंत पत्र आलं नाही, तर मी येतेय. पसारा असो नाहीतर काही असो.

तुमची,
बयो


२३ एप्रिल

अहो,

पोचले. हे पत्र बसून वाचा.

घर रंगवलेलं नाही. भिंतींना कित्येक वर्षांत हात लागलेला नाही. किटली फडताळात कोरडी ठणठणीत आहे. आक्का अंथरुणाला खिळल्या आहेत. उजवं अंग गेलंय, हात आणि पाय दोन्ही. तोंडही एका बाजूला ओढलंय. मार्चच्या सुरुवातीचं आहे. म्हणजे किटलीचं पत्र त्यांनी या अवस्थेत, उताणं पडून, पाटीवर कागद ठेवून लिहिलं.

खालच्या मजल्यावर चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई राहते. ती कुठल्याच चर्चमध्ये जात नाही. तीच डॉक्टरला घेऊन आली, तीच सकाळ-संध्याकाळ भरवते, तीच पत्रं टाकायची. तुम्हाला कळवू का म्हणून तिने विचारलं तर आक्कांनी तिच्याकडून शपथ घेतली. मी विचारलं, "जिन्यावर कोणी ना कोणी असतं म्हणालात, ते कोण?" तर म्हणाल्या, "मांजर." आणि अर्ध्या तोंडाने हसल्या. मला रडू आवरेना.

मी टेकडी चढून त्यांच्या चर्चमध्ये गेले. पाळक नवीन, तरुण आहेत, ते आक्कांना ओळखतच नाहीत. मंडळीच्या चिटणीसबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "अय्या, त्या इथेच आहेत? आम्हाला वाटलं, भावाकडे राहायला गेल्या. हिवाळ्यापासून दिसल्या नाहीत ना. आम्ही त्यांचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून उपासनेत प्रार्थनासुद्धा केली!"

त्यांना काय बोलू? मी कोणत्या मंडळीतून आलेय?

परत येऊन आक्कांवर चिडले. "आम्हाला का नाही कळवलंत?" त्यांचे शब्द आता जड येतात, पण मला समजतात. त्या म्हणाल्या, "तुम्ही आलाच असतात. रक्ताचे आहात. मला बघायचं होतं, मंडळीतलं कोणी येतं का. मग वाट बघायची सवय लागली."

आणखी एक. तुम्ही चिडाल, तरी लिहिते. त्या म्हणतात, इथे एक बाई येऊन बसते. खाटेच्या पायगतीशी ठेवलेल्या खुर्चीवर. सडपातळ, ओठ मिटलेली. फार बोलत नाही. मी म्हटलं, तुम्ही माझी पत्रं वाचलीत ना, त्यातलंच डोक्यात राहिलं. त्या म्हणाल्या, "असेल. पण तिच्या डाव्या अंगठ्याला दोरा बांधलेला आहे. निळा. काही विसरू नये म्हणून बांधतात तसा. तो तू कुठे लिहिला होतास?"

नव्हता लिहिला. मला दोरा ठाऊकच नाही. ताप असेल. खाली चष्मेवाल्या बाईंनाही विचारलं, त्यांनी कोणाला जिना चढताना पाहिलेलं नाही.

इथल्या पाळकांना मी घरी येऊन प्रभुभोजन द्यायची विनंती केली. ते लगेच तयार झाले. पण आक्का नाही म्हणतात. "इथे नको. मला वर न्या. सगळ्यांत बसून घ्यायचंय." डॉक्टर म्हणतात, हलवलंत तर हृदयाची खात्री देत नाही.

काय करू? लगेच कळवा.

बयो


२७ एप्रिल

प्रिय बयो,

पत्र उभ्यानेच वाचलं, मग खाली बसलो.

तिला वर नेऊ नकोस. डॉक्टर सांगतात ते ऐक. पाच तारखेचं प्रभुभोजन उरकून मी रात्रीच्या गाडीने निघतो आणि माझ्या हाताने तिला देतो. तिने मला बोट धरून चालायला शिकवलंय. मी येईपर्यंत तिला थांबायला सांग. माझ्यासाठी थांब म्हणावं.

दोऱ्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. टाचणीबाईंची शवपेटी बंद करताना मी एकटाच होतो. त्यांच्या डाव्या अंगठ्याला दोरा होता. ओला झाला होता, पण रंग कळत होता. मी तो सोडला नाही. काय लक्षात ठेवायचं होतं त्यांना, या विचाराने मी इतके दिवस खिडकीत उभा राहतोय. तुला वाटतं, मला काम टाळायचंय.

याचा अर्थ मला विचारू नकोस. मला पाळक म्हणून काही सांगता येत नाही आणि माणूस म्हणून भीती वाटते. त्या आक्कापाशी बसतात असं आक्का म्हणते, तर ती खुर्ची तिथून हलवू नकोस. एवढंच सुचतं.

तुझा


६ मे

अहो,

तुमचं पत्र वेळेवर मिळालं. वाचलं, आक्कांनाही वाचून दाखवलं. खुर्ची हलवली नाही. पण आक्कांना मात्र काल वर नेलं. नवऱ्याचा शब्द मोडला, रागवायचं असेल तर आल्यावर रागवा.

मी थांबा म्हणून विनवलं. "तो माझ्यासाठी थांब म्हणतोय," म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "त्याला सांग, आयुष्यभर सगळ्यांसाठी थांबले. काल रात्री छातीत दुखलं. पुढच्या रविवारचं वचन मी देत नाही." मी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. त्यांनी तपासलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, "नेलंत तरी आणि नाही नेलंत तरी, आता फार फरक नाही. त्यांच्या मनाप्रमाणे करा." मग मी ठरवलं.

हाताच्या खुर्चीत उशा घालून त्यांना बसवलं, पदराने बांधलं. चष्मेवाल्या बाई, त्यांच्या दुकानाचा मालक, रस्त्यावरचे दोन हमाल आणि मी. टेकडी सरळ अंगावर येते. प्रत्येक वळणावर खुर्ची खाली ठेवायची, आक्का श्वास घ्यायच्या आणि डाव्या हाताने खूण करायच्या, चला. एक हमाल म्हणाला, "आजी, वजन काहीच नाही तुमचं." त्या म्हणाल्या, "मग दमतोस कशाला?"

आम्ही पोचलो तेव्हा उपासना सुरू झाली होती. दार उघडं होतं. आम्ही खुर्ची मधल्या वाटेने आत नेली.

आधी शेवटच्या बाकावरच्यांनी वळून पाहिलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. गीत एकेका रांगेतून विझत गेलं. माणसं भूत बघतात तसं बघतात म्हणजे कसं, ते मी काल पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ बाकाला धरून मागे सरले. चिटणीसबाईंनी तर आक्का इथेच आहेत हे माझ्याकडून ऐकलं होतं, तरी त्यांच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. इतके महिने ज्यांनी आक्कांना मनातून रवाना केलं होतं, त्यांच्यासमोर त्या उशांत टेकून, अर्ध्या चेहऱ्याने, जिवंत बसल्या होत्या. पेटी वाजवणाऱ्याची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. त्या शांततेत खुर्चीच्या वेताचा करकर आवाज येत होता.

आक्कांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. घशातून शब्द ओढून काढत म्हणाल्या, "मेले नाही अजून. सरका."

अहो, जवळच्या बाकावरचे भराभर सरकले. आम्ही खुर्ची बाकाच्या टोकाला टेकवली.

तरुण पाळकांना पुढे वाचवेना. त्यांनी पुस्तक मिटलं आणि भाकरीचं ताट घेऊन आधी आमच्याकडे आले. ताट मी धरलं. आक्कांनी डाव्या हाताने तुकडा उचलला. अर्धा तोंडातून ओघळून पदरावर पडला. चिटणीसबाई उठून आल्या, गुडघ्यांवर बसल्या, तो ओला तुकडा उचलून पुन्हा आक्कांच्या तोंडात घातला आणि त्यांचं तोंड आपल्या हाताने मिटून धरलं, त्या गिळेपर्यंत. मला त्यांचा राग होता. तो कुठे गेला, मला माहीत नाही.

प्याल्यातलं अर्धं सांडलं, अर्धं गेलं. मग ताट बाकावरून पुढे गेलं.

उपासना संपली तरी कोणी बाहेर पडलं नाही. सूचना नाहीत, गप्पा नाहीत. एकेक जण खुर्चीजवळ येऊन उभा राहायचा. आक्का प्रत्येकाच्या हातात आपला डावा हात द्यायच्या, लहान पोरांच्यासुद्धा. शेवटी शेवटी त्यांना तो उचलवेना, तर मी खालून आधार दिला. चष्मेवाल्या बाई दाराशीच उभ्या होत्या. आक्कांनी त्यांना मानेने बोलावलं आणि त्यांचा हात सगळ्यांत जास्त वेळ धरला.

खाली आणायला सगळेच आले. खुर्ची जमिनीला टेकलीच नाही, हातोहात उतरली.

आज सकाळपासून जिन्यावर माणसं आहेत. कोणी दूध आणलंय, कोणी नुसतंच बसलंय. चिटणीसबाई पाय चेपताहेत. डॉक्टर आले, पिशवी न उघडताच गेले. आक्का झोपल्या आहेत. चेहरा शांत आहे. श्वास लांब लांब घेताहेत, मध्ये थांबला की जिन्यावरचेही श्वास धरतात.

तुम्ही काल रात्रीच गाडीत बसला असाल, हे पत्र तुम्हाला मिळणारही नाही. तरी लिहितेय, कारण हातांना काहीतरी हवंय. दुसऱ्या हाताने मी आक्कांचा तो डावा हात शालीखाली धरलाय. काल इतक्या जणांच्या हातांतून फिरला, आणि तरी गार पडलाय. पहाटेपासून चोळतेय. अजून ऊब येत नाही.

बयो